ऑस्ट्रेलियाला निघालेली भांडी

कुसगावात मुक्ताबाईंच्या घरात ऑस्ट्रेलिया शिरली ती नियमांच्या वाटेनं. त्यांचा ओंकार तळेगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून मेलबर्नच्या एका गॅरेजात लागला होता. तिथं त्यानं भाड्यानं घर घेतलं आणि आता त्यांची सून राजेश्वरी नातीला घेऊन त्याच्याकडं निघाली होती. माणसं विमानानं जाणार होती आणि संसार जहाजानं. परक्या देशात जहाजानं संसार न्यायचा तर काय काय अटी पाळाव्या लागतात, हे राजेश्वरीनं इतकं तोंडपाठ केलं होतं, की ही पोरगी झोपेतसुद्धा कस्टमवाल्यांशीच बोलत असणार असं मुक्ताबाईंना वाटायचं.

वापरलेलंच सामान न्यायचं, तेही निदान वर्षभर आपल्या घरात वापरलेलं. नवं कोरं नेलं तर त्यावर कर. म्हणजे दिवाळीला घेतलेला झकास मिक्सर इथं राहणार आणि ज्याचं झाकण वरून दाबून धरल्याशिवाय जो फिरत नाही तो जुना मिक्सर जहाजात बसून समुद्र पाहणार. मुक्ताबाईंना हा न्यायच उफराटा वाटला, पण त्यांनी मान हलवली, कारण नवा मिक्सर त्यांच्याच ओट्यावर राहणार होता. बाकीचे नियम त्याहून तऱ्हेवाईक होते. मातीचा कण चालत नाही. बी चालत नाही. धान्य, डाळ, मसाला, सुकं पान, गवताची काडी, काही म्हणजे काही चालत नाही. राजेश्वरीनं घरातले जेवढे बूट आणि चपला न्यायच्या होत्या तेवढ्या दात घासायच्या जुन्या ब्रशनं तळव्यांच्या खाचाखाचांतून घासल्या. ते बघून मुक्ताबाईंचे यजमान महिपती म्हणाले, की उभा जन्म भाताच्या खाचरात गेला, पण आपले पायसुद्धा कुणी एवढे मनापासून धुतले नाहीत.

केरसुणी तर बादच झाली. पोळपाट पास झाला, पण त्याच्या भेगेत बसलेली कणीक टाचणीनं कोरून काढल्यावर. सूपही बाद झालं, कारण ते शेणानं सारवलेलं होतं. तेव्हा मात्र मुक्ताबाई खवळल्या. शेणानं सारवलेल्या सुपाला घाण म्हणणाऱ्या लोकांच्या घरी आपली पोरं कशाला चाललीत, असं त्या दिवसभर भिंतींना विचारत होत्या. बाई तशा फटकळच, पण कामाला कधी मागं हटल्या नाहीत. तोंड चालू होतं आणि हातही चालू होते. भांड्यांचा सगळा ढीग त्यांनीच अंगणात घेऊन चिंचेनं, राखेनं घासला, उन्हात वाळवला. मग राजेश्वरीनं एकेक भांडं उजेडात धरून पुसलं, आत बोट फिरवलं, झाकणं लावली आणि पुढच्या खोलीत धुतलेल्या चादरीवर सगळी मांडामांड करून ठेवली. सामान बांधणारे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. राजेश्वरी बँकेच्या कामाला लोणावळ्यात गेली आणि मुक्ताबाई त्या भांड्यांसमोर एकट्याच उरल्या.

लखलखीत भांडी होती. डबे, कुकर, पातेली, नातीचा शाळेचा इवलासा डबा. पण मुक्ताबाईंनी एकाचं झाकण उघडून बघितलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. आत काहीच नव्हतं. सगळीच्या सगळी रिकामी.

आता ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगायला हवं, की आमच्याकडं घरातून भांडं बाहेर जातं ते रिकामं जात नाही. शेजारच्या रोशनबीनं ईदेला शिरखुर्म्याचं पातेलं पाठवलं, की ते धुऊन तसंच परत करायचं नाही. ते घरात थांबतं. मग होळी येते, पातेल्यातून पुरणपोळ्या पलीकडं जातात. तिकडून दुसरं काही येतं. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामं देऊ नये. मुक्ताबाई आणि रोशनबी लग्न होऊन या आळीत आल्या तेव्हापासून दोन्ही घरांतली भांडी अशी फिरत होती. कुठलं कुणाचं हे आता दोघींनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

अशा बाईनं आपल्याच सुनेचा अख्खा संसार रिकामा कसा धाडावा? मुक्ताबाईंनी कोठीतला तांदूळ काढला. पवना नदीच्या बाजूला महिपतींचं जे खाचर होतं तिथला या हंगामाचा नवा इंद्रायणी, नुकताच कामशेतच्या गिरणीतून भरडून आलेला, अजून सगळ्या घरात वास देणारा. जुन्या पातळाचे तुकडे फाडून त्यांनी ज्या त्या भांड्याच्या मापाच्या पुरचुंड्या बांधल्या आणि ज्याला ज्याला झाकण होतं त्या प्रत्येक भांड्यात एकेक ठेवून दिली. नियम त्यांना माहीत नव्हते असं नाही. पण नियम खायच्या तांदळाला होता आणि हा काही खायचा तांदूळ नव्हता, हा शकुनाचा होता. ओटीतले तांदूळ कुणी वजनात धरतं का? त्यांच्या हिशेबानं धान्य वेगळं आणि हे वेगळं. झाकणं पुन्हा होती तशी लावून त्या देवापुढं दिवा लावायला गेल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी इकबाल आला. हा रोशनबीच्या बहिणीचा मुलगा, लोणावळ्याचा. बंगलेवाल्यांचं सामान हलवण्यात त्याची निम्मी उमर गेली होती आणि आता तो पुण्याच्या एका कंपनीसाठी परदेशी जाणारं सामानही बांधत असे. दोन माणसं हाताखाली घेऊन तो कामाला लागला. खोकी, कागद, चिकटपट्ट्या यांनी घर भरून गेलं. प्रत्येक डबा उघडून बघायची त्याची पद्धत होती, पण पहिल्याच डब्याला त्यानं हात घातला तशी राजेश्वरीनं त्याला थांबवलं. तिनं सगळं स्वतः पुसून झाकणं लावली होती, पुन्हा हात लागले तर पुन्हा पुसावं लागेल, असं तिचं म्हणणं. इकबालनं तिच्या शब्दावर भरवसा ठेवला. पुरचुंड्या मऊ कापडाच्या, त्यामुळे भांडी हलवली तरी आवाज आला नाही. मुक्ताबाई दारात उभं राहून बघत होत्या आणि मनातल्या मनात स्वतःच्या हुशारीवर खूश होत होत्या.

दुपार उलटली तेव्हा सगळी खोकी बांधून झाली, त्यांच्यावर आकडे पडले. इकबालनं एक कागद काढला आणि महिपतींनाही कळावा म्हणून मराठीत समजावून सांगितला. या सामानात खाण्याचा पदार्थ नाही, धान्य नाही, बी नाही, माती नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर बांधलं आहे. यात खोटं निघालं तर त्याला मी जबाबदार. राजेश्वरीनं खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.

मग चहा झाला. चहाबरोबर माणूस बोलतो तसा इकबालही बोलायला लागला. मागच्या साली त्यानं पुण्यातल्या एका बाईंचं सामान बांधलं होतं, तेही ऑस्ट्रेलियालाच. बाई शिकलेल्या, चांगल्या नोकरीच्या. मिसळणाच्या डब्याच्या एका वाटीत मोहरी राहून गेली. मूठभरही नसेल. तिकडच्या लोकांनी एक खोकं उघडलं, मोहरी दिसली आणि मग एकूण एक खोकं उघडलं. सामान किती दिवस गोदामात पडून राहिलं त्याला सुमार नाही. बरं, सामानाचं ते एक सोडा. सही बाईंची होती. त्यांचं नाव तिकडच्या कॉम्प्युटरात जाऊन बसलं आणि आता त्या कधीही विमानतळावर उतरल्या, की त्यांना बाजूला घेऊन त्यांची बॅग उलगडतात, असं त्या स्वतः फोनवर रडत सांगत होत्या. "एक दाणासुद्धा पुरतो, मावशी," इकबाल म्हणाला. "आपल्याकडच्या धान्यातल्या किड्याची त्यांना फार धास्ती आहे. तो किडा तिकडं कोठारांत शिरला तर सगळं धान्य नासेल त्यांचं."

मुक्ताबाईंनी कप खाली ठेवला. त्यांना एकदम राजेश्वरी दिसायला लागली, परक्या विमानतळावर, नातीचं बोट धरून, चार माणसांच्या देखत बाजूला उभी केलेली. तेही त्यांच्या पुरचुंडीपायी. आठ वर्षं ही पोरगी घरात होती, पण कुणाचं रुपयाचं उधार तिनं कधी ठेवलं नाही की कुणाला खोटं सांगून वेळ मारून नेली नाही. आणि आता नव्या देशात पाऊल ठेवायच्या आतच ती तिथल्या सरकारपुढं खोटी पडणार होती.

इकबाल गेला. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. तो दिवस शनिवारचा, दुपारनंतर लोणावळ्याला फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता जाम होतो, म्हणून लवकर निघायचं ठरलं होतं. खोकी पुढच्या खोलीत भिंतीला लावून रचलेली होती आणि मुक्ताबाईंना त्या खोलीत जाववेना.

त्यांनी आधी महिपतींना गाठलं आणि गोठ्याच्या आडोशाला नेऊन सगळं सांगितलं. महिपती कुठल्याही संकटावर एकच औषध जाणत होते, ते म्हणजे गप्प बसणं. एवढ्या मोठ्या जहाजात कोण कुणाचे डबे उघडून बघतंय, असं म्हणून ते गवत टाकायला वळले. त्यांचं बोलणं मुक्ताबाईंना क्षणभर पटलंसुद्धा, कारण पटायला सोपं होतं. पण गप्प राहायचं म्हटल्यावर छातीवरचा दगड काही हलला नाही. मग त्या कुंपणापाशी गेल्या आणि रोशनबीला हाक मारली.

रोशनबी आधी पोट धरून हसली. सगळ्या ऑस्ट्रेलियाची ओटी भरायला निघालीस का, म्हणाली. मग मुक्ताबाईंचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं. "आत्ताच्या आत्ता सांग तिला," ती म्हणाली. "तिला लोकांत खाली मान घालायला लागली, तर तुझा शकुन काय चाटायचाय?"

सांगायचं हे मुक्ताबाईंनाही कळत होतं. पण कसं सांगायचं? राजेश्वरीनं गेले कित्येक दिवस राबून जे बांधलं ते सगळं पुन्हा उसकटायचं. सासू शेवटच्या दिवशीसुद्धा लुडबुड केल्याशिवाय राहिली नाही, हे आळीभर व्हायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तांदूळ काढला, की भांडी पुन्हा रिकामी. रिकामीच जाणार समुद्रापार. जेवताना त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा आमटी वाढू का असंच विचारलं.

जेवण झाल्यावर राजेश्वरीनं ओंकारला फोन लावला आणि पलीकडच्या खोलीत बसून दिवसभराचं सांगायला लागली. मुक्ताबाई भांडी विसळत होत्या, पण कान तिकडंच. राजेश्वरी म्हणत होती, की आई होत्या म्हणून सगळं झालं. सुपावरून भांडल्या खऱ्या, पण सगळी भांडी त्यांनीच घासली. काळजी करू नकोस, आईंनी एक दाणासुद्धा राहू दिलेला नाही.

मुक्ताबाई विसळलेलंच ताट पुन्हा विसळायला लागल्या. एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला आठ वर्षांत आलं नव्हतं आणि आलं ते असं. आता जाऊन सांगावं म्हणून त्या उठल्याही, पण फोनवर तिकडून ओंकारचं हसणं ऐकू आलं आणि त्यांचे पाय दारातच अडले.

सकाळी टेम्पो दारात लागला. इकबाल आणि त्याची माणसं आत आली आणि त्यांनी पाहिलं तर मुक्ताबाई सगळ्यांत मोठ्या खोक्यावर बसलेल्या. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, देवळात बसल्यासारख्या. इकबालनं उठायची विनंती केली. त्या हलल्या नाहीत. त्यांना जड जातंय, असंच सगळ्यांना वाटलं. आळीतल्या नंदाबाई निरोप द्यायला आल्या होत्या, त्यांनी लगेच डोळ्यांना पदर लावला. राजेश्वरी येऊन त्यांच्यापुढं उकिडवी बसली, त्यांचे हात हातात घेतले आणि त्यांची समजूत काढायला लागली. रोज फोन करू, पोरीची शाळा दाखवू, दर वर्षी येऊ.

मुक्ताबाईंना ते ऐकवेना. "मी रडत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "ह्यात तांदूळ हाय."

कुणालाच काही कळलं नाही. मग त्यांनी कुठं कुठं ठेवलाय ते सांगितलं. डब्यात. कुकरात. झाकणाच्या सगळ्या पातेल्यांत. पोरीच्या डब्यात पण.

 नंदाबाईंनी पदर खाली घेतला. इकबालनं कपाळाला हात लावला आणि मग खिशातून पट्ट्या कापायचा चाकू काढला. राजेश्वरीनं मुक्ताबाईंचे हात सोडले होते. ती उभी राहिली.

"मी सही केली होती, आई," ती म्हणाली.

"म्हाइत हाय. म्हणून तर हितं बसले."

राजेश्वरी रागावली नाही असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. चांगलीच रागावली. तिचं तोंड लालबुंद झालं, ती तडक बाहेर गेली आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला पाठ करून उभी राहिली. मुक्ताबाई खोक्यावरून उठल्या आणि इकबालच्या माणसांबरोबर स्वतःच पट्ट्या ओढायला लागल्या. स्वयंपाकघराची सगळी खोकी पडवीत काढावी लागली. आळीतली माणसं एकेक करून जमली आणि प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं होतं. तांदळाला ना म्हणणारं सरकार फार दिवस टिकत नाही, असं एकानं सांगितलं. विमानात चिवडा चालतो, मग जहाजात तांदूळ का नाही, असं दुसऱ्यानं विचारलं. त्याला इकबालनं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मग नाद सोडला.

कागद सुटत गेले, झाकणं निघत गेली, पुरचुंड्या बाहेर येत गेल्या. पिवळ्या पातळाच्या, हिरव्या पातळाच्या, एक तर मुक्ताबाईंच्या लग्नातल्या शेल्याच्या कडेची. राजेश्वरी आत आली तेव्हा इकबालच्या माणसानं नुकताच नातीचा डबा उघडला होता. त्यात बोटाच्या पेराएवढी पुरचुंडी होती. लहान डब्याला लहान. राजेश्वरीनं ती उचलली, गाठ सोडून आत बघितलं. आठ-दहा दाणे असतील नसतील. पुरचुंडी तशीच तळहातावर घेऊन ती मुक्ताबाईंपाशी आली.

"का ठेवलात पण?" तिनं विचारलं. आता आवाजात राग उरला नव्हता, ती खरंच विचारत होती.

मुक्ताबाई म्हणाल्या, की रिकामं धाडू नये, अपशकुन असतो. कुंपणापलीकडून सगळं बघत उभ्या असलेल्या रोशनबीला ते उत्तर पसंत पडलं नाही. ती फाटक ढकलून आत आली आणि म्हणाली, की खरं काय ते बोल, आता कशाला लपवतीस.

मुक्ताबाईंनी खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"भरून दिलेलं भांडं परत येतं," त्या म्हणाल्या. "त्याला यावंच लागतं. रिकामं दिलं की संपलं, कुणाचं कुणाला देणं न्हाई. तुमी लय लांब चाललाय. मला वाटलं, भरून दिलं तर ह्या भांड्यांच्या मागं तरी याल."

 महिपती गोठ्यातून आले होते, ते तसेच माघारी वळले.  राजेश्वरीनं डोळे पुसले, तेही भांडी पुसायच्या फडक्यानं, आणि खाली बसून पहिलं पातेलं पुढं ओढलं. तिनं आतून पुसायचं आणि मुक्ताबाईंनी झाकण पुसून लावायचं, अशा दोघी कामाला लागल्या. या वेळी इकबालनं प्रत्येक डबा उघडून स्वतः बघितला आणि कुणाची त्याला हरकत नव्हती. कापडाचे तुकडे झटकून बाजूला झाले, सांडलेला दाणा न् दाणा वेचून घेतला. पडवी दोनदा झाडली, तीही त्या बाद झालेल्या केरसुणीनंच.

आता लवकर निघणं कसलं. फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या कधीच सुरू झाल्या होत्या. मुक्ताबाईंनी इकबालला सांगितलं, की जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही. पुरचुंड्यांचा सगळा तांदूळ एकत्र केला तर मोठं पातेलं भरेल एवढा भात झाला. नव्या इंद्रायणीचा तो मऊ, चिकट, वाफेवर नुसताच खावासा वाटणारा भात. रोशनबीनं घरून मटणाचा रस्सा आणला, शाकाहारी माणसांना नंदाबाईंनी वालाची आमटी केली आणि ऑस्ट्रेलियाला निघालेला तांदूळ कुसगावातच पंगतीला वाढला गेला. इकबालच्या माणसांनी तीन-तीनदा घेतला. राजेश्वरीनं पहिला घास घेतला आणि सासूकडं बघून हसली. एवढा चांगला तांदूळ असताना काल रात्रीच सांगितलं असतं तर उपाशीपोटी भांडावं लागलं नसतं, असं ती म्हणाली. मुक्ताबाईंनी तिच्या पानात आणखी भात वाढला. त्यांच्या छातीवरचा दगड खाली उतरला होता. पण भांडी रिकामी होती ती होतीच आणि त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या खोक्यांकडं जात होतं.

जेवणं झाल्यावर खोकी पुन्हा बांधली. राजेश्वरीनं नव्या कागदावर नवी सही केली. शेवटचं खोकं बंद करायच्या आधी तिनं इकबालला थांबवलं, आतून एक पातेलं बाहेर काढलं आणि सामानाच्या यादीतून ते कापायला सांगितलं. मधल्या आकाराचं साधं स्टीलचं पातेलं होतं, तिच्या माहेरून कामशेतहून आलेलं. ती रोज त्यात भात लावायची. तिनं त्याचं झाकण काढलं, आत बघितलं, काही नाही याची खात्री केली आणि ते मुक्ताबाईंच्या हातात दिलं.

मुक्ताबाईंना वाटलं ती विसरून देतीय. त्यांनी ते परत तिच्याकडं केलं. राजेश्वरीनं घेतलं नाही.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला रिकामं देतीय."

"अगं, रिकामं कसं देतीस? साखर तरी टाक चिमूटभर."

"नाही टाकणार. तुम्ही भरून परत करायचं. मेलबर्नला येऊन, माझ्या हातात."

मुक्ताबाईंनी पातेलं उलटंसुलटं करून बघितलं. मग त्यांच्यातली फटकळ बाई जागी झाली. "भरून आणू म्हणतीस, आन तुजं ते सरकार तर एक दाणा आत घेत न्हाई. कशानं भरू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," राजेश्वरी म्हणाली. "पण रिकामं आणलंत तर घरात घेणार नाही."

रोशनबी मोठ्यानं हसली आणि लगेच तोंड फिरवून तिनं नाक पुसलं. मुक्ताबाईंनी पातेलं पोटाशी धरलं. आपल्याला ओझं दिलंय हे त्यांना कळलं होतं आणि त्या ओझ्यानं त्यांना एवढा आनंद झाला होता, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्या उगीचच इकबालच्या माणसांवर डाफरल्या, खोकं सांभाळून उचला म्हणून.

सामान चढलं. इकबालनं मागचं दार लावलं, कडी घातली, सगळ्यांना सलाम केला आणि पुढं बसून इंजिन सुरू केलं. तेवढ्यात मुक्ताबाई पातेलं तसंच पोटाशी धरून टेम्पोच्या खिडकीपाशी गेल्या आणि काचेवर टकटक केलं. इकबालनं काच खाली घेतली. आता आणि कुठं काय ठेवलंय, अशी धास्ती त्याच्या तोंडावर दिसत होती.

"सामानाचं समजलं मला," मुक्ताबाई म्हणाल्या. "माणूस न्यायचा म्हटला तर काय काय कागद लागत्यात?"

इकबालनं इंजिन बंद केलं आणि तो पुन्हा खाली उतरला.